आसावरी लावली तरी भजनच का वाजतं?

प्रश्न निपाणीकडच्या एका १९ वर्षांच्या मुलाचा आहे. गावच्या भजनी मंडळात पाच वर्षं पेटी वाजवली, आता लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये हाऊसचे, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे, ट्रॅक करतो. त्याच्याच शब्दांत: "दादा, किक आणि बेस नीट बसतंय, पण वर पियानो टाकला की भजनच वाटतं, पोरं हसतात. आसावरी थाट लावला, काफी लावला, भैरवीपण लावून बघितली. हाऊसवाले नेमकी कुठली स्केल घेतात तेवढं सांगा."

तेवढंच सांगायचं तर, तू घेतलीस तीच. थाट म्हणजे सात सुरांचा साचा, आणि आसावरी थाटाचे सात सूर म्हणजेच त्यांची नॅचरल मायनर. पांढरी सहाला, म्हणजे इंग्रजी ए ला, सा धर आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजव, झाली ए मायनर. गोकाकचा माझा एक कीबोर्डवाला दोस्त कर्नाटकी शिकलाय, तो तिला नटभैरवी म्हणतो. मी आसावरी म्हणतो, लॅपटॉप ए मायनर म्हणतो, पट्ट्या त्याच. तेव्हा स्केल बदलून तुझं भजन जाणार नाही. उद्या अरबी स्केल लावलीस तर अरबी भजन वाजेल.

माझी गाडीही इथंच अडली होती. सुटली ती अक्कल वापरून नाही, फजिती होऊन.

२०११ चा मे महिना, खानापूर तालुक्यातल्या एका गावात हळद. आदल्या रात्री मी भजनाला वाजवून आलेलो. बुवांची पट्टी काळी एक, आणि मी आळशी, म्हणून कीबोर्डचं ट्रान्सपोज एकाने वर सरकवून पांढरी एकचीच बोटं चालवली होती. ते बटण तसंच राहिलं. हळदीत लॅपटॉपवरून लूप सुटला, ए मायनर, एफ, सी, जी, अशा चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-तीन सूर, गोल गोल. मी वर सुरावट धरली आणि सगळंच अर्ध्या सुराने वर! ताशेवाल्याने मान वळवून बघितलं. मला घाम. बोटं घसरत घसरत काळी चारवर आली आणि एकदम सूर लागला, कारण काळी चार दाबली की आवाज पांढरी सहाचा येत होता. दुसरी पट्टी शोधायची हिंमतच नव्हती. म्हणून तीच एक पट्टी, ताशाच्या बोलांच्या मधेमधे, तोडून तोडून, गाणं संपेपर्यंत मारत बसलो. लोक नाचले. नंतर नवऱ्याच्या मामाने "ते टिंग टिंग लई भारी होतं" म्हणून हातात शंभराची नोट ठेवली.

घरी येऊन विचार करत बसलो. एकच सूर चार-पाच मिनिटं वाजवला तर लोकांनी दगड का मारले नाहीत? उत्तर खालच्या कॉर्डमध्ये होतं. प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुराला (एफचा पांढरी चार, सीचा पांढरी एक, जीचा पांढरी पाच) त्या क्षणापुरता सा समज आणि मोज. ए मायनर चालू असताना पांढरी सहा म्हणजे सा. खाली एफ आला की तीच पट्टी शुद्ध गंधार होते. सी आला की शुद्ध धैवत, जी आला की शुद्ध रिषभ. बोट जागचं हललं नाही आणि ऐकणाऱ्याला चार वेगवेगळे सूर मिळाले. एकदा घर, एकदा गोडवा, एकदा थोडं दूर, एकदा लोंबकळत.

आपली तालीम नेमकी उलटी असते. सूरपेटी नाहीतर तंबोरा एक सा धरून ठेवतो, तो रात्रभर हलत नाही. प्रत्येक सुराचा अर्थ त्या एका खुंट्यापासून मोजायचा. जमीन स्थिर असते म्हणून सुरावटीला चालावं लागतं, चढावं लागतं, उतरावं लागतं, शेवटी सा वर येऊन बसावं लागतं. डान्समध्ये जमीनच चालते. मग वरच्याने उभं राहिलेलं चांगलं. दोघंही एकदम चालायला लागले की पायात पाय अडकतो. तुझ्या ट्रॅकमध्ये हेच होतंय. खाली चार कॉर्ड फिरतायत आणि वर तू आरोह-अवरोह करत प्रत्येक ओळीला सा वर टेकतोयस. टेकलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात टाळ वाजतो, त्याला तू काय करणार?

तबल्याच्या सोलोला लेहरा धरला आहेस का कधी? धरला असशील तर हे काम तुला येतं. सोळा मात्रांची एक छोटी ओळ, तीच ती, न थकता, आणि सगळी करामत तबल्याची. लेहरा धरणारा मधेच ताना घ्यायला लागला तर तबलजी पेटीवर हातोडी फेकेल. हाऊसचा पियानो म्हणजे लेहरा. फरक एवढाच की या लेहऱ्याखालचा सा दर चार ठोक्यांना जागा बदलतो.

आता कुठल्या पट्टीवर उभं राहायचं. हे पाठ करू नकोस, वाजवून बघ, कारण कानाला पटलं की डोक्यात आपोआप राहतं. पांढरी सहा वर सांगितलीच. पांढरी एक ए मायनरवर कोमल गंधार, एफवर पंचम, सीवर सा आणि जीवर मध्यम. तो मध्यम जीवर अधांतरी लटकतो, आणि लूप परत फिरायला तेच लागतं. पांढरी पाच तर सगळीकडे चालते. कोमल निषाद, रिषभ, पंचम, सा. पांढरी तीन एफवर शुद्ध निषाद होते, तिथं जरा रेशमी लागते. ज्याला संध्याकाळचा हाऊस म्हणतात त्यात हा सूर फार असतो.

अडचण दोनच पट्ट्यांची, पांढरी चार आणि पांढरी सात. चार ही तीनला अर्ध्या सुराने चिकटलेली, सात ही वरच्या एकला चिकटलेली. सीची कॉर्ड चालू असताना चार लांबवलीस की खालच्या गंधाराशी भांडते, एफ चालू असताना सात म्हणजे तीव्र मध्यम, ती उपरी वाटते. या दोन काढून टाक. उरलं काय? सहा, एक, दोन, तीन, पाच. म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा तर धानी राग! इंग्रजीत तिला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात. त्या पाचांत कुणीही कुणाला अर्ध्या सुराने लागून नाही, म्हणून कुठलीही कुठेही पडली तरी कान किटत नाही. आणि याच पाच पट्ट्यांत सा पांढरी एकवर धरलास तर तो भूप राग. तुला मूर्च्छना, म्हणजे तेच सूर ठेवून सा दुसरीकडे धरणं, शिकवली असेल तर 'रिलेटिव्ह मेजर, रिलेटिव्ह मायनर' हे त्याच घरचं आहे, वेगळा धडा घ्यायची गरज नाही.

नवीन माणसाने महिनाभर धानीतच राहावं असं माझं मत. त्यातही पाचपैकी तीनच पट्ट्या घे. मग चार आणि सात मीठासारख्या वापर. सात ए मायनरवर पटकन लागून गेली तर फार सुंदर, तिथं ती रिषभ असते.

बाकीच्या स्केलचं माझं मत थोडक्यात. काफी थाट, म्हणजे त्यांचा डोरियन, मला हाऊससाठी आसावरीपेक्षा जवळचा. धैवत शुद्ध झाला की पांढरी सहाच्या सा ला चौथी कॉर्ड मायनरची मेजर होते, डी मेजर, आणि ए मायनर-डी एवढ्या दोन कॉर्डवर अख्खा ट्रॅक निघतो. उदासपणा राहतो, पण खांदे पडत नाहीत. आसावरी ट्रान्स या नाचाच्या दुसऱ्या प्रकाराला, मिनिटाला १३० ठोक्यांच्या पुढच्या लयीला, जिथं दुःख मोठ्या प्रमाणात लागतं तिथं. किरवाणी, म्हणजे हार्मोनिक मायनर, जपून. तिचा शुद्ध निषाद सा कडे एवढ्या जोरात ओढतो की ऐकणाऱ्याला घरी पोचल्यासारखं होतं. लूपला घरी पोचून चालत नाही, अंगणातूनच परत फिरायचं असतं. म्हणून बहुतेक लूपमध्ये पाचवी कॉर्ड मेजर करत नाहीत, कोमल निषादावरच ठेवतात. भैरवी थाटाचा कोमल रिषभ सायट्रान्समध्ये (ट्रान्सचाच एक प्रकार) चांगला चालतो, सा ची कॉर्ड आणि अर्धा सूर वरची मेजर कॉर्ड, एवढंच. पण आपल्याकडे मिरवणुकीत नको. आपल्या लोकांना भैरवी ऐकली की कार्यक्रम संपला असं वाटतं आणि ते चपला शोधायला लागतात.

आता तुझा खरा घोटाळा. तो सुरात नाही, जागेत आहे. पियानो रोल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली नोटा मांडायची जाळी, उघड, एका बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या तुकड्यात, सोळा घरं आहेत. किक, म्हणजे खालचा ढम ठोका, १, ५, ९ आणि १३ वर आहे. तुझ्या फाईलमध्ये पियानोही १, ५, ९, १३ वर आणि मधे ३, ७, ११, १५ वर असणार, पैजेवर सांगतो, कारण पेटीवर आपण टाळाला धरून वाजवतो. किक पडतेच आहे, तिच्यावर परत पियानो आपटून काय मिळणार? पियानो १, ४, ७, ११ आणि १३ वर ठेव. तोंडाने मोज: तीन, तीन, चार, दोन, चार. बेरीज सोळा. पहिला आणि शेवटचा ठोका किकबरोबर पडतो, मधले तीन किकला चुकवून. ७ आणि ११ वर बहुधा उघडी हायहॅट (ड्रमची झांज) असते, तिथं पियानो आणि हॅट मिळून उसळी देतात. क्युबाच्या सोन संगीतात दोन लाकडी दांड्यांवर हाच नमुना वाजवतात, त्याला क्लावे म्हणतात. आपल्याला परका वाटायचं कारण नाही. आठ मात्रांचा केरवा तीन-तीन-दोन असा तोडला की याचा पहिला अर्धा भाग जवळजवळ तयारच असतो, आणि तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, घेणाऱ्या माणसाला सम चुकवत चुकवत सम गाठायचं काय सांगायचं?

दुसरा नमुना १, ४, ७, १०, १३, १५. हा जरा धावता. पहिल्यात एक घर इकडंतिकडं केलं की गाणं बदलतं, म्हणून एक रात्र फक्त घरं हलवण्यात घाल. सूर एकच ठेव, माझ्या काळी चारसारखा.

आणि पट्टी सोड! पेटीवर पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची धरून ठेवायची सवय लागते, भाता चालू असतो तोवर सूर चालू असतो. पियानो रोलमध्ये तुझ्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, विटा रचल्यासारख्या. त्या कापून एका घराच्या कर, फार तर दीड. सुरानंतरची शांतता हीच तिथं नाचायची जागा. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केलं, ते १९७१ ला थोडं उघडलं. पियानोला तर मींडही नाही आणि भाताही नाही, दाबल्या क्षणापासून सूर मरायलाच लागतो. म्हणून तो सुराचं वाद्य कमी आणि चर्मवाद्य जास्त आहे असं धरून वाजव. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, सगळ्यांना सारखी नको. किकवर पडणारे ठोके जरा हलके, मधले जोरात.

कॉर्ड वाजवताना आणखी एक सवय मोडावी लागेल. आपण पेटीवर सा-ग-प असा पंजा धरतो आणि पुढच्या कॉर्डला तोच पंजा उचलून दुसरीकडे ठेवतो. पंजा उडाला की वरचा सूर उडतो, आणि मी इतका वेळ उभं राहा म्हणून सांगतोय ते सगळं वाया. त्याऐवजी ए मायनर सहा-एक-तीन असा धर. एफला फक्त तीनचं बोट चारवर सरकव, सहा आणि एक तिथंच. सीला सहा खाली पाचवर, चार परत तीनवर, एक तिथंच. जीला पाच तशीच, एक खाली सातवर, तीन दोनवर. बघ, हात जवळजवळ हललाच नाही. याला ते इन्व्हर्शन म्हणतात, एका कॉर्डचे सूर वरखाली लावून जवळचा रस्ता काढायचा. मूळ सूर बेसकडे आहे, तुझ्या उजव्या हाताने तो परत सांगायची गरज नाही. डाव्या हाताने तर काहीच वाजवू नकोस. साधारण २०० हर्ट्झच्या खालचा पियानो ईक्यूने (आवाजाचा खालचा-वरचा भाग कमीजास्त करायची सोय) कापून टाक, तिथं किक आणि बेसचं राज्य आहे, तिसरा माणूस मावत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर याच्या उलटं सांगतो, नाहीतर तू एखादा जुना ट्रॅक ऐकून मला खोटं ठरवशील. काही जुन्या हाऊस आणि टेक्नोमध्ये पंजा उडालेलाच असतो, आणि मुद्दाम. सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या यंत्रात, एक मायनर कॉर्ड एकदाच भरायची, मग तिला एकेका पट्टीवर वाजवायची. यंत्र अख्खी कॉर्ड उचलून वर-खाली नेतं, प्रत्येक वेळी मायनरच. स्केलबाहेरचे सूर येतात, कुठल्याही थाटात बसत नाहीत, पण तो थंड, धुरकट आवाज तसाच येतो. तिथं सुरावट नाही, कॉर्ड हेच एक वाद्य आहे. तुला तो आवाज हवा असेल तर वर सांगितलेलं सगळं विसर आणि कॉर्ड एकदाच रेकॉर्ड करून खेळ. मात्र त्यावर धानीची ओळ टाकू नकोस, भांडण लागेल.

आवाजाचंही सांगून टाकतो. तू लॅपटॉपवर मोठा कॉन्सर्ट ग्रँड लावला असशील, कारण तो ऐकायला भारी. एकटा असताना भारी, किकखाली गेला की चिखल. हाऊसचा जो टणक, पातळ, काचेसारखा पियानो ऐकतोस तो कॉर्गच्या एम-वन या १९८८ मध्ये आलेल्या सिंथमधल्या 'पियानो १६' या आवाजावरून आला. खरा पियानो म्हणून तो गरीबच आहे, म्हणूनच गर्दीतून वर येतो. त्याआधी दोन वर्षं, १९८६ मध्ये, शिकागोच्या मार्शल जेफरसनने 'मूव्ह युअर बॉडी'मध्ये पियानो अगदी पुढे आणला होता. तो काही सराईत पियानोवाला नव्हता. लय खूप कमी करून वाजवलं आणि मग सीक्वेन्सर (वाजवलेलं साठवून परत वाजवणारं यंत्र) वेगात सोडला, असं त्यानेच सांगितलं आहे. तुझ्या बोटांना पाच वर्षांची पेटी आहे, तू तर पुढेच आहेस की.

सुरावट कधी बदलायची हेही पोरं विचारतात. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत सोळा बार बरोबर ३० सेकंदांत होतात. तेवढा वेळ एकाच ओळीवर थांबता आलं पाहिजे. किक-बेस निघून जातो त्या मोकळ्या भागात तुझ्यातला भजनी बुवा काढ बाहेर, तिथं लांब सूर, चार आणि सात, सगळं माफ. किक परत आली की तीन पट्ट्या.

शेवटची गोष्ट पट्टीची, आणि ही आपल्याकडच्या मिरवणुकांमुळेच मला कळली. बेळगावात गणपतीला असो की शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं, ट्रॅक वाजतो तो डॉल्बीवर, हेडफोनवर नाही. बऱ्याच ठिकाणच्या बेसपेट्या ४० हर्ट्झच्या खाली दमतात. पांढरी सहाचा खालचा बेस ५५ हर्ट्झ, पांढरी पाचचा ४९, काळी तीनचा साधारण ४६, पांढरी चारचा ४४ च्या आसपास. इथपर्यंत छातीत बसतो. बुवांची लाडकी काळी एक घेतलीस तर खालचा सूर ३५ हर्ट्झच्या जवळ जातो, बेसपेटी नुसती थरथरते आणि रस्त्यावर बेसच नाही. म्हणून गाणारा नसेल तर सा काळी तीन ते पांढरी सहाच्या दरम्यान ठेव. गाणारा असेल आणि तो काळी एक सोडायला तयार नसेल, तर त्याच्याशी वाद घालू नकोस. बेस एक सप्तक वर, ६९ हर्ट्झवर घे, किकला त्याच्या खाली ५० च्या आसपास जागा दे, आणि पियानोच्या त्या तीन पट्ट्या काळी एकच्या धानीत नव्याने शोध. ट्रान्सपोजचं बटण दाबून नको.